दिंडीच्या वाटेवर कैलासाचा करार

आमची दिंडी बेळगावहून निघून संकेश्वर, चिकोडी, मिरज आणि सांगोला या मार्गाने पंढरपूरला जाते. चिकोडीपुढे अंकली-मांजरीच्या पुलावरून कृष्णा ओलांडावी लागते आणि कागवाड मागे पडले की राज्य बदलते. १९५६ पासून आम्हा सीमाभागातल्या माणसांच्या बोलण्यात सीमेचा विषय निघाला नाही असा दिवस क्वचितच जातो. तरीही विणेकरी त्या ठिकाणी चाल कमी करत नाहीत, आणि अलीकडच्या कानडी वस्तीवर वाढलेली भाकरी व शेंगदाण्याची चटणी पलीकडच्या गावातही तशीच मिळते.

२०२५ च्या वारीत मात्र आमच्यात वेगळ्याच सीमेची चर्चा चालली होती, कारण त्याच आषाढीच्या सुमारास कैलास-मानसरोवराची यात्रा पाच वर्षांच्या खंडानंतर पुन्हा सुरू झाली होती. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी डोक्यावर तुळस घेऊन माझ्या शेजारून चालत होती. तिने विचारले, "सर, कम्युनिस्ट चीनला पहिली मान्यता आपणच दिली ना?" मी इतिहास शिकवून निवृत्त झालो असल्याने असे प्रश्न माझ्याकडेच येतात. मान्यता ब्रह्मदेशाने आधी दिली, भारताने ३० डिसेंबर १९४९ रोजी. परंतु साम्यवादी गटाबाहेरच्या देशांपैकी राजनैतिक संबंध प्रथम भारताने प्रस्थापित केले, ते १ एप्रिल १९५० रोजी, असे मी तिला सांगितले.

तिला पंचशीलाची, म्हणजे भारत-चीनने मान्य केलेली शांततापूर्ण सहजीवनाची पाच तत्त्वे तोंडपाठ होती, पण ती कोणत्या करारात आहेत हे ठाऊक नव्हते, आणि यात तिचा दोष नाही. २९ एप्रिल १९५४ रोजी पेकिंगमध्ये (आजच्या बीजिंगमध्ये) झालेला तो करार भारत आणि तिबेट यांच्यातील व्यापार व ये-जा यांविषयीचा होता. पाच तत्त्वे केवळ त्याच्या प्रास्ताविकात आली. आत जी कलमे आहेत त्यांत आपल्यासारख्या पायी चालणाऱ्यांचाच विचार आहे. भारतीय यात्रेकरूंनी प्रथेप्रमाणे कैलास व मानसरोवराला जावे, शिपकी, माणा, नीती, कुंगरी बिंगरी, दारमा आणि लिपुलेख या खिंडींचा वापर करावा, त्यांना पारपत्र किंवा व्हिसा लागू नये, सीमेवरील चिनी चौकीत नोंद करून परवाना घेतला की पुरे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. हे ऐकून तिने विचारले, "म्हणजे आपल्या दिंडीची नोंदणी असते तशीच?" मी हो म्हणालो.

याच कराराने भारताने तिबेटला 'चीनचा तिबेट प्रदेश' म्हटले, तिबेटातील यातुंग व ग्यांत्से येथील आपल्या लष्करी तुकड्या काढून घेतल्या आणि तेथील टपाल व तारसेवाही सोडून दिली. एवढे देऊनही सीमा नेमकी कोठून जाते याविषयी करारात एक ओळ नाही. सहा खिंडींची नावे आली म्हणजे सीमा मान्य झाली, अशी दिल्लीची समजूत होती. चीनचे म्हणणे पुढे असे निघाले की, सीमेचा प्रश्न चर्चेलाच आला नव्हता. माझ्या मते या दोन देशांच्या पुढच्या साऱ्या इतिहासाचे मूळ या न लिहिलेल्या ओळीत आहे. नेहरूंच्या भोळेपणाला दोष देणे सोपे असते, आणि मुक्कामावर रात्री एकाने तो दिलाही. पण ज्यांच्या हाती कागद होते त्या अधिकाऱ्यांनाही मौन म्हणजे संमती असेच वाटत होते, हे विसरून चालत नाही.

पुढचे लवकर घडले. लडाखचा भाग म्हणून भारत ज्यावर हक्क सांगतो त्या अक्साई चीनमधून चीनने रस्ता बांधला. २३ जानेवारी १९५९ च्या पत्रात चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी सीमा कधीच औपचारिकरीत्या आखली गेली नव्हती असे नेहरूंना कळवले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये दलाई लामा भारतात आले. आठ वर्षांची मुदत असलेला तो करार १९६२ च्या जूनमध्ये संपला, तो कोणी वाढवला नाही आणि २० ऑक्टोबरला युद्ध सुरू झाले. यात्रेकरूंची वाट बंद झाली ती १९८१ पर्यंत.

मिरजेच्या मुक्कामात हरिपाठ आटोपल्यावर मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले, सिक्कीममध्ये राहून आलेले आमचे सुभेदारकाका या गप्पांत सामील झाले. युद्ध झाले तेव्हा वकिलाती बंद केल्या असतील, असे त्यांना वाटत होते. तसे झाले नाही. राजदूत परत आले, पण दोन्ही राजधान्यांतली कार्यालये प्रभारी अधिकाऱ्यांच्या हाती चालू राहिली आणि १९७६ मध्ये के. आर. नारायणन राजदूत म्हणून पेकिंगला गेले. १९७९ मध्ये परराष्ट्रमंत्री असलेले वाजपेयी चीनमध्ये असतानाच चीनने व्हिएतनामवर हल्ला केला, म्हणून ते दौरा आटोपता घेऊन परतले. डिसेंबर १९८८ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी चीनच्या दौऱ्यावर गेले आणि सप्टेंबर १९९३ मध्ये प्रत्यक्ष नियंत्रण रेषेवर, म्हणजे दोन्ही देशांच्या प्रत्यक्ष ताब्यातील प्रदेशांमधल्या रेषेवर, शांतता राखण्याचा करार झाला.

काकांना रस होता तो १९९६ च्या करारात. त्या रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत कोणी गोळीबार करू नये, असे त्यात ठरले आहे. "पण माउली, रेषा कुठं हाय हेच दोघांत ठरलेलं नाही, तर दोन किलोमीटर मोजायचे कुठनं?" असे ते म्हणाले, आणि ते खरेच होते. १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात आपले वीस जवान गेले, ते दगड आणि दांडक्यांच्या झटापटीत.

सोलापूर जिल्ह्यात शिरल्यावर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव निघणारच होते. सोलापूरचा हा डॉक्टर १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पथकातून चीनला गेला आणि जखमी सैनिकांची सेवा करत ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच वारला. चिनी नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांची भेट घेतात. त्या आदराविषयी मला शंका नाही, पण अशा भेटींनी सीमेवरची एकही गस्त मागेपुढे झालेली नाही. २०२० पासूनचा गस्तीचा तिढा सुटू लागला तो दोन्ही देशांतील ऑक्टोबर २०२४ च्या समझोत्याने, आणि यात्रेचा मार्ग त्यानंतर उघडला.

२०२५ मध्ये लिपुलेखमार्गे आणि सिक्कीममधल्या नाथुलामार्गे मिळून ७५० यात्रेकरूंना परवानगी होती. निवड संगणकीय सोडतीने, वय १८ ते ७०, पारपत्र आवश्यक आणि वैद्यकीय तपासणी कडक. सुभेदारकाका पुढच्या वर्षी अर्ज करणार होते. वयाची अट त्यांना आणखी दोन वर्षे तरी आडवी येणार नव्हती. उंचीच्या मानाने वजनाची जी मर्यादा होती, तिच्यापायी मात्र त्यांनी सांगोल्याच्या पंगतीत दुसरी पुरणपोळी नाकारली.