६४ व्या वर्षी बिडी सोडली

मागच्या आषाढात धानाची रोवणी (लावणी) चालू होती. बांध चढून वर आलो तर दोन मिनिटं तोंडातून शब्द फुटेना. ४५ वर्षांची बिडी! आमच्या भंडारा-गोंदियाकडे उन्हाळ्यात आयाबाया बिडीचा तेंदूपत्ता तोडायला जातात. बिडी कोणी मुद्दाम शिकवावी लागत नाही.

डॉक्टरांना विचारलं, "आता या वयात सोडून काय फायदा?" खरं तर त्यांनी "काही नाही" म्हणावं, अशीच इच्छा होती. त्यांनी मशीनमध्ये फुंकायला लावलं. म्हणाले, "गेलेला दम पुरता परत येत नाही. उरलेला मात्र सावकाश झिजेल." ब्रिटनमध्ये डॉक्टरांवरच ५० वर्षं अभ्यास झाला म्हणे, साठीत सोडणाऱ्यांनाही सरासरी ३ वर्षं जास्त मिळाली. तीन रोवण्या, मी मनात मोजलं.

तान्ह्या पोळ्याला नातवाचा लाकडी बैल सजवला आणि उरलेलं बंडल चुलीत टाकलं. पहिले तीन दिवस विचारू नका. घरात सगळ्यांवर डाफरलो. सकाळी बिडीशिवाय पोट साफ होईना (हे कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो); कोमट पाणी आणि पपईवर निभावलं. चहासोबत हात खिशात जायचा, म्हणून खिशात फुटाणे ठेवले.

दुसऱ्या आठवड्यात खोकला उलट वाढला. पारावरचे म्हणाले, "सोडली काहून? खर्रा खाय." मी १८००-११-२३५६ या सरकारी मोफत नंबरवर फोन लावला. समजलं, धुरानं मंदावलेली श्वासनलिकेतली बारीक केसं पुन्हा कामाला लागली की साचलेला कफ बाहेर येतो, म्हणून काहींना सुरुवातीला असं होतं. खर्ऱ्यातही तंबाखूच, तो बंदच. मधे एका तेरवीला दोन बिड्या ओढल्याच. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

धानकापणीपर्यंत खोकला बसला. भाजीत मीठ जास्त होतं हे कळू लागलं; आधी मीच वरून घ्यायचो. यंदाच्या रोवणीत बांधावर एकदा थांबलो, पण बोलत थांबलो. वर्ष झाल्यावर डॉक्टर म्हणाले, बिडीमुळे हृदयविकाराचा जो जास्तीचा धोका होता, तो साधारण निम्म्यावर येतो.

परवा शेजारी ओसरीवर बिडी ओढत बसला होता. बायकोला म्हटलं, "केवढा वास येते हो याच्या अंगाचा!"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मले ४५ वर्षं येतच होता नं."