पायएमबार ३ वरून ४ वर: नावांपेक्षा उत्तरांचा साचा सांभाळा

पायएमबार ही सिम्युलेशनच्या सॅम्पल्सवरून मुक्त ऊर्जेतले फरक काढणारी पायथन लायब्ररी. तिच्या चौथ्या व्हर्जनमध्ये फंक्शनांची नावं सरसकट बदलली आहेत. मधेमधे कॅपिटल अक्षरं असलेली जुनी पद्धत गेली. आता सगळी स्मॉल अक्षरं आणि शब्दांमध्ये अंडरस्कोर. 'गेट फ्री एनर्जी डिफरन्सेस'चं 'कंप्यूट फ्री एनर्जी डिफरन्सेस' झालंय. याची धास्ती नको. जुनं नाव राहिलं तर स्क्रिप्ट त्याच ओळीवर थांबते.

खरी काळजी घ्यायची ती परत येणाऱ्या उत्तराची. दोन अवस्थांमधला ऊर्जाफरक काढणारं जुनं 'बार' फंक्शन फरक आणि त्याची त्रुटी टपलमध्ये (क्रमाने ठेवलेल्या किमतींच्या जोडीत) द्यायचं, नवं डिक्शनरी (की म्हणजे नाव आणि त्यापुढे किंमत) देतं. डावीकडे पूर्वीसारखी दोन व्हेरिएबल्स ठेवलीत तर पायथन काहीच कुरकुर करत नाही. तो डिक्शनरीच्या दोन कीज उलगडतो आणि पहिल्या व्हेरिएबलमध्ये आकडा नव्हे, 'डेल्टा_एफ' ही अक्षरं जाऊन बसतात. एरर येते ती बरीच पुढे, केटीने (बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान) गुणताना, आणि माणूस युनिटच्या कोडमध्ये चूक शोधत बसतो. एमबारकडून (अनेक अवस्था एकत्र हाताळणारी पद्धत) तीन व्हेरिएबल्स घेत असाल तर मात्र लगेच अडतं, कारण थीटा हे कोव्हेरिअन्स मॅट्रिक्स आता मागितल्याशिवाय मिळत नाही.

पीएमएफच्या (कोऑर्डिनेटनुसार मुक्त ऊर्जेच्या वक्राच्या) कोडला सर्वांत जास्त वेळ ठेवा. 'कंप्यूट पीएमएफ' आता नाही. त्या जागी एफईएस (फ्री एनर्जी सरफेस) हा स्वतंत्र क्लास आहे. पूर्वी प्रत्येक सॅम्पलचा बिन क्रमांक आपण काढून द्यायचो. आता कोऑर्डिनेटच्या मूळ किमती आणि बिनच्या कडा द्यायच्या. केडीई (बिनऐवजी गुळगुळीत वक्राने घनता काढण्याची पद्धत) वापरणार असाल तर बूटस्ट्रॅपची (सॅम्पल्समधून पुन्हा पुन्हा निवड करण्याची) संख्या वक्र तयार करतानाच सांगा. त्रुटी त्यातूनच निघते.

जॅक्स ही वेगवान गणिताची लायब्ररी असेल तर नवं व्हर्जन ते वापरतं. नको असेल तर कोंडा या पॅकेज मॅनेजरवरून 'पायएमबार-कोअर' घ्या.

जुनं एन्व्हायर्नमेंट लगेच पुसू नका. तेच ऊर्जा मॅट्रिक्स आणि तेच सॅम्पल-आकडे दोन्ही व्हर्जनना द्या. डीकोरिलेशन (एकमेकांशी संबंधित सॅम्पल्स गाळणं) पुन्हा करू नका, नाहीतर फरक नेमका कुठून आला ते कळणार नाही. उत्तरं अजूनही केटीमध्येच येतात (३०० केल्विनला १ केटी म्हणजे सुमारे ०.५९६ किलोकॅलरी प्रति मोल). दोन्हींतला फरक सांख्यिकी त्रुटीच्या कितीतरी खाली हवा. तसा नसेल तर आधी ओव्हरलॅप मॅट्रिक्स (अवस्थांची सॅम्पल्स एकमेकांत किती मिसळतात ते दाखवणारं) काढा: शेजारच्या अवस्थांचा ओव्हरलॅप ०.०३ च्या खाली असेल, तर लायब्ररी बदलण्याआधी मधल्या लॅम्डा अवस्था (एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेणारे टप्पे) वाढवा.