देवबागची खाडी, कयाक आणि एकशिपी

तारकर्लीला जाऊन बनाना राईड आणि जेट स्की करून परत येणाऱ्या लोकांबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण त्याच रस्त्यानं थोडं पुढे देवबागला गेलात तर एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला कर्ली नदीची खाडी, मधे माडांची एक चिंचोळी पट्टी, आणि अख्खी गर्दी फक्त समुद्राच्या बाजूला! खाडीकडे कोणी बघतच नाही. आम्ही या वेळी ठरवूनच खाडीच्या अंगाला असलेलं घर राहायला घेतलं, ऑफिसचा जुना ग्रुप, काहींची पोरं, आणि एकाची सासू, जी शेवटी सगळ्यात जास्त वेळ पाण्यात होती.

तुतारी एक्स्प्रेसनं कुडाळला उतरून पुढे गाडीनं मालवण, तिथून देवबाग. प्रवासाबद्दल एवढंच, बाकी कोकण रेल्वेवर सगळ्यांनी लिहून झालंय.

आता कयाकिंगचं. खाडीत कयाक घालायची तर घड्याळ बघून उपयोग नाही, भरती बघायची. आपल्याकडचा जुना हिशोब अजून चालतो, तिथीची पाऊणपट करा की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. म्हणजे द्वादशी असेल तर बाराची पाऊणपट नऊ, सकाळी नऊच्या आसपास पाणी पूर्ण भरणार. आमच्या आयटीवाल्यानं हे ऐकून लगेच फोनवर टाईड चार्ट उघडला, थोडं इकडेतिकडे पण जवळपास तेच, मग तो गप्प बसला. याचा फायदा असा की उजाडता उजाडता निघालात तर चढतं पाणी तुम्हाला वर नेतं, नुसतं वल्हं टेकवलं तरी चालतं, आणि पाणी फिरलं की ओहोटीबरोबर खाली या. उलटं केलंत तर दोन्ही वेळा खांदे निघतात. आणि दुपार तर नकोच, सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा मंद असतो, जेवणाच्या वेळेपर्यंत समुद्रावरून खारा वारा सुरू होतो आणि खाडीच्या रुंद भागात पाण्यावर लाटा उठतात. आम्ही उतरलो त्या घरच्या काकी तर आमचा चहा संपू देत नव्हत्या, 'आता निघा बघू, मगे वारो सुटतलो!'

दोन सीटवाली कयाक असेल तर दिशा मागच्याच्या हातात असते, पुढच्यानं फक्त लय धरायची. हे सगळ्यांना सांगूनही नवरा-बायकोच्या जोड्या गोल गोल फिरत राहिल्या. माझं प्रामाणिक मत, नवरा-बायकोला एका कयाकमधे बसवू नये. आम्ही मधेच एका वाळूच्या पट्ट्यावर थांबून जोड्या बदलल्या, सासूबाईंना जावयाच्या पुढे बसवलं, आणि सगळा ताफा एकदम सरळ चालायला लागला. लाईफ जॅकेट मात्र सगळ्यांना, पोहता येत असलं तरी, आणि खाडी समुद्राला मिळते त्या संगमाच्या तोंडाकडे अजिबात जायचं नाही, ओहोटीला तिथली ओढ भलतीच असते.

मुख्य पात्र सोडून कांदळवनाच्या कडेला शिरलं की आवाजच बदलतो. मोटरबोटींची घरघर मागे राहते, मग वल्ह्यावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज, खंड्या, आणि अधूनमधून उडी मारून परत पडणारा एखादा शेवटा मासा. चिपीच्या झाडांची मुळं चिखलातून टोकं वर काढून उभी असतात, त्यांच्यातून झाडं श्वास घेतात कारण खालच्या चिखलात हवा नसते, आणि भरतीला हीच टोकं पाण्याखाली जातात, तेव्हा कयाक जपून, खरवडते. पांढरी चिपी २०२० पासून आपला राज्य कांदळवन वृक्ष आहे, पोरांनी हे ऐकून 'म्हणजे शेकरूसारखं?' विचारलं, हो, तसंच. वर एक समुद्री गरुड घिरट्या घालत होता. फोटो कोणाचाच धड आला नाही.

दुपारी ओहोटी लागली आणि सकाळी ज्या पाण्यावरून आम्ही गेलो तिथे चक्क चिखलवाळूचं मैदान. त्यात बायका ओणव्या होऊन बोटांनी वाळू उकरत तिसऱ्या (शिंपल्या) काढत होत्या, पलीकडे खडकावर एकजण कोयत्यानं कालवं फोडत होती, एक टोला शिंपल्याच्या सांध्यावर, मग पात्याचं टोक आत घालून झाकण उचकटायचं आणि मांस डब्यात. बघायला सोपं वाटतं. अख्खी दुपार उन्हात ओणवं राहून डबा भरतो, तेव्हा बाजारात कालवांच्या भावावर घासाघीस करताना जरा विचार करा.

काकींनी त्यातल्याच तिसऱ्या घेतल्या, वाळू सुटायला पाण्यात ठेवल्या आणि रात्री एकशिपी केली. विळीवर तिसरी उघडून एक शिंपला फेकायचा, मांस दुसऱ्याला चिकटलेलं ठेवायचं, मग कांदा, मालवणी मसाला, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप आणि कोकमं. चमचा ठेवलेला, कोणी हात लावला नाही. शेवटी ताटात शिंपल्यांचे ढीग आणि सगळ्यांची बोटं पिवळी.

सुरमई थाळीबद्दल मात्र बोलतोच. मालवणला आलेला प्रत्येक माणूस सुरमईच मागतो, मग सीझनला भाव चढतो आणि तुकडा पातळ होत जातो. त्यापेक्षा विचारा की आज काय आलंय. आम्हाला एक दिवस बांगड्याचं तिखलं मिळालं, तिरफळं ठेचून घातलेलं, जिभेला हलक्या मुंग्या येतात त्या त्याच्याच (तिरफळ चावायचं नाही, बाजूला काढायचं, एकानं चावलं आणि पुढची दहा मिनिटं तो कोणाशी बोलला नाही). दुसऱ्या दिवशी कुरकुरीत लेपो मासा, सोबत तांदळाची भाकरी आणि लसूण घातलेली सोलकढी.

जायचं तर थंडीत जा, पावसात वॉटर स्पोर्ट्स बंद असतात आणि जून-जुलैमधे यांत्रिक होड्यांच्या मासेमारीलाही बंदी. तारीख ठरवताना शनिवार-रविवार धरण्याआधी कालनिर्णय काढून तिथी बघा. आमचा आयटीवाला आता पुढच्या जानेवारीच्या द्वादश्या शोधतोय, आणि सासूबाईंनी सिंगल कयाक मागितली आहे.