तुम्ही विचारलंत म्हणून: रुळांपलीकडचं मरी

भारतातून कुणी पाहुणे ॲडलेडला आले की हा प्रश्न ठरलेला: "इथे आपली माणसं कधीपासून आहेत हो?" विचारणाऱ्याला संगणकवाले, विद्यार्थी, फार तर सत्तरच्या दशकात आलेले डॉक्टर अपेक्षित असतात. मी म्हणते, उत्तर हवं असेल तर मरीला चला. साडेसहाशे किलोमीटरच्या वर उत्तरेला, बर्ड्सव्हिल आणि ऊडनडॅटा हे दोन कच्चे रस्ते जिथे सुरू होतात तिथलं हे गाव. वस्ती जेमतेम शंभर. आपल्याकडे एका चाळीत याहून जास्त माणसं सापडतील.

1866 मध्ये थॉमस एल्डर या धनाढ्य जमीनदाराने कराचीहून सव्वाशेच्या आसपास उंट आणि 31 उंटवाले बोटीने पोर्ट ऑगस्टाला आणवले. घोडे-बैल जिथे पाण्यावाचून कोलमडत तिथे उंट चालत, एवढा साधा हिशेब. पुढे 1880 च्या दशकात रेल्वे मरीपर्यंत पोचली आणि गाव नावारूपाला आलं. तेव्हा त्याचं नाव हरगॉट स्प्रिंग्ज होतं. पहिल्या महायुद्धात जर्मन नावं खटकू लागली म्हणून ते बदललं. रेल्वेने आलेलं पीठ, चहा, साखर, कुंपणाच्या तारा, छपराचे पत्रे उंटांवर लादून आत शेकडो मैलांवरच्या मेंढपाळांच्या ठाण्यांवर न्यायचं आणि येताना लोकरीच्या गाठी आणायच्या. दमदार उंट चारशे-पाचशे किलो सहज वाहून नेई.

या उंटवाल्यांना सगळे सरसकट 'अफगाण' म्हणत. प्रत्यक्षात त्यांत बलुच होते, पठाण, पंजाबी, सिंधीही होते. सिंध त्या काळी मुंबई इलाख्यात, म्हणजे ज्या बंदरातून ते निघाले त्याचा कारभार मुंबईतून चाले. एवढ्या धाग्यावर त्यांना 'आपली माणसं' म्हणायचं का? मी म्हणते. पण मग त्यांच्या वाट्याला जे आलं तेही आपलं म्हणावं लागतं, आणि तिथे पाहुणे जरा गप्प होतात.

कारण मरीत रूळ म्हणजे सीमा होती. एका अंगाला गोरे आणि 1883 मध्ये बांधलेलं हॉटेल. दुसऱ्या अंगाला उंटवाल्यांची घरं, त्यांची छोटीशी मशीद (ऑस्ट्रेलियातल्या अगदी पहिल्यांपैकी एक) आणि मूळ रहिवासी. दफनभूमीतसुद्धा तिघांच्या जागा वेगळ्या. बिगर-गोऱ्यांना बाहेर ठेवणाऱ्या 1901 च्या स्थलांतर कायद्यानंतर घरच्यांना इकडे आणणं जवळपास अशक्य झालं, 1903 च्या कायद्याने आशियातल्या माणसाला नागरिकत्वाचा अर्जही बंद केला. बरेच जण इथल्याच बायकांशी, मूळ रहिवासी किंवा गोऱ्या, लग्न करून राहिले. म्हणून आजही या भागात खान, मूशा अशी आडनावं भेटतात आणि त्यांच्या आज्या-पणज्या अरबाना किंवा दियारी या इथल्या मूळ जमातींच्या निघतात. जमीन मुळात त्यांचीच. पश्चिमेकडच्या मोठ्या पट्ट्यावरचा अरबानांचा हक्क कोर्टाने 2012 मध्ये मान्य केला.

या सगळ्यांत माझा आवडता माणूस बेजा दरवेश. बलुचिस्तानचा, ब्रिटिश हिंदी सैन्यात नोकरी केलेला, 1890 च्या सुमारास उंटांबरोबर आला. 1896 च्या कॅल्व्हर्ट शोधमोहिमेत पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटात दोघे गोरे तहानेने मेले. बेजाने उंट आणि उरलेली माणसं ज्या चिकाटीने सांभाळली, ती पाहून मोहिमेचा प्रमुख लॉरेन्स वेल्स याने आपलं होकायंत्र त्याला देऊन टाकलं. म्हातारपणी बेजा मरीत खजुराची झाडं वाढवत राहिला आणि 1957 मध्ये वारला. त्याचा मुलगा जॅक 1939 मध्ये सेसिल मॅडिगन या भूगर्भशास्त्रज्ञाबरोबर उंटांवरून सिम्प्सन वाळवंट पार करून आला.

तोवर उंटांचे दिवस संपले होते. ट्रक आले, आणि 1925 च्या कायद्याने मोकाट उंटांना गोळी घालायची मुभा मिळाली. पोटच्या पोरासारखे वाढवलेले उंट मारवेनात म्हणून अनेकांनी ते वाळवंटात सोडून दिले. आज ऑस्ट्रेलियात रानउंट लाखांच्या घरात आहेत ते असे. मग टॉम क्रूझ नावाचा टपालवाला (नट नव्हे!) 1936 पासून ट्रकच्या चाकांखाली लोखंडी पत्रे टाकत वाळूच्या टेकड्या ओलांडून बर्ड्सव्हिलला टपाल नेऊ लागला. 1980 मध्ये मरीवरून ॲलिस स्प्रिंग्जला जाणारी जुनी 'घॅन' रेल्वेही बंद झाली, आणि रेल्वेच्या नोकऱ्यांबरोबर माणसंही गेली.

उरलेलं गाव मात्र मरगळलेलं नाही. इथे नगरपालिका नाही, बरीचशी कामं गावकरीच अंगावर घेतात. मशिदीची गवताच्या छपराची प्रतिकृती उभी केली आहे, स्टेशनाजवळ जुनी इंजिनं गंजत उभी आहेत, जुलैत उंटांच्या शर्यती होतात आणि आसपासच्या ठाण्यांवरची झाडून सारी माणसं येतात. यायचं तर तेव्हाच या. जानेवारीत पारा पंचेचाळिशी ओलांडतो. तेव्हा कितीही आग्रह केलात तरी मी गाडी काढणार नाही.