२.४१ या आकड्यामागे काय होतं : अध्ययन निष्पत्ती तपासण्याचा माझा अनुभव

विभागाच्या बैठकीत अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय करता यायला हवं याची विधानं, तपासण्याचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा त्यासोबत एक एक्सेल फाइलही आली. भौतिकशास्त्राच्या तीन वर्षांच्या पदवीची सगळी 'अटेन्मेंट', म्हणजे निष्पत्ती किती साध्य झाल्या याची आकडेवारी, तिच्यात होती. प्रत्येक विषयाच्या चार-पाच कोर्स आउटकम (त्या विषयाच्या निष्पत्ती) आणि त्यांचा पदवीच्या प्रोग्रॅम आउटकमशी (पूर्ण पदवीच्या निष्पत्तींशी) असलेला संबंध १, २ किंवा ३ अशा आकड्यांत मांडलेला. ठरलेल्या टक्के विद्यार्थ्यांना ठरलेल्या गुणांपेक्षा जास्त मिळाले की ती निष्पत्ती साध्य. पुढे गुणाकार आणि सरासरी. 'विद्यार्थी प्रयोगातून मिळालेल्या माहितीचं विश्लेषण करून योग्य निष्कर्ष काढू शकतो' या ओळीसमोर २.४१ लिहिलं होतं. कमाल ३ पैकी २.४१.

आपली मुलं निष्कर्ष काढू शकतात, हे आपल्याला नेमकं कशावरून कळलं, हे मला शोधायचं होतं. मी त्या आकड्याचा माग काढत मागे गेले. २.४१ आला होता सात विषयांच्या सरासरीतून, ती सरासरी परीक्षेच्या गुणांतून, आणि ते गुण होते एकूण गुण. त्यात व्याख्या होत्या, सिद्धता होत्या, हजेरीचे गुण होते, जर्नल वेळेवर दिल्याचेही होते. ७२ गुण मिळवणाऱ्या मुलीने त्यातले किती गुण निष्कर्ष काढून मिळवले, हे त्या फाइलमधून कुणालाही सांगता आलं नसतं. गुण खोटे नव्हते. ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत होते.

सगळ्या निष्पत्ती एकदम तपासायला घेतल्या तर एकही नीट तपासून होणार नाही, असं मी विभागप्रमुखांना सांगितलं. या वर्षी फक्त ही एक निष्पत्ती घेऊ, पण मुलांचं प्रत्यक्ष लिखाण वाचून तपासू. ते तयार झाले. सहा जणांचा गट झाला.

पहिल्या दोन बैठका त्या एका वाक्यावरच गेल्या. 'विश्लेषण करू शकतो' म्हणजे काय केलं की आपण हो म्हणायचं? बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६मध्ये मांडलेली बौद्धिक पातळ्यांची उतरंड आमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक होती. २००१मध्ये तिची सुधारित मांडणी झाली, तेव्हा त्या पातळ्यांना नामांऐवजी क्रियापदांची नावं मिळाली. तेव्हापासून निष्पत्ती लिहायची म्हणजे यादीतून एक क्रियापद उचलायचं, अशी सवय आम्हालाही लागली होती. पण क्रियापद चांगलं निवडलं म्हणून निष्पत्ती मोजण्याजोगी होत नाही. शेवटी आम्ही असं लिहिलं : विद्यार्थी स्वतः घेतलेल्या मोजमापांची अनिश्चितता ठरवतो, आणि आपलं उत्तर दुसऱ्या मूल्याशी जुळतं की नाही हे त्या अनिश्चिततेच्या आधारे सांगतो. अनिश्चितता म्हणजे मोजलेलं मूल्य किती मागे-पुढे असू शकतं त्याचा अंदाज. वाक्य लांबलं आणि कानाला गोड राहिलं नाही, पण अहवाल हातात घेतल्यावर काय शोधायचं ते आता प्रत्येकाला माहीत होतं.

मग पुरावा कुठून आणायचा? लेखी परीक्षेत असा प्रश्नच नव्हता. शेवटच्या वर्षाचे प्रकल्प गटाने केलेले असतात आणि त्यांत मार्गदर्शकाचा हात किती, हे वेगळं काढता येत नाही. अभ्यासक्रमाच्या शेवटी भरून घेतलेल्या प्रश्नावल्या होत्या. 'मला माहितीचं विश्लेषण करता येतं' या वाक्याला बहुतेक मुलांनी 'पूर्ण सहमत' म्हटलं होतं. ही उत्तरं टाकाऊ नाहीत, मुलांचा आत्मविश्वास त्यांतून कळतो. पण विद्यार्थ्याला काय वाटतं हा अप्रत्यक्ष पुरावा झाला, आणि आम्हाला तो करून काय दाखवतो हे पाहायचं होतं.

म्हणून सहाव्या सत्रात एक कामच ठेवलं. लंबक, मोजपट्टी, स्टॉपवॉच द्यायचं. कृती लिहून द्यायची नाही. गुरुत्व त्वरण शक्य तितक्या अचूकपणे काढा, आणि तुमच्या उत्तरावर किती विश्वास ठेवावा ते लिहा, एवढीच सूचना. प्रयोग पहिल्या वर्षाचा असला तरी प्रश्नाचा दुसरा भाग तिसऱ्या वर्षाला शोभेल असा होता. ४२ अहवाल आले. नावं झाकली, क्रमांक घातले.

रुब्रिकसाठी, म्हणजे कशा कामाला कोणता स्तर द्यायचा हे सांगणाऱ्या तक्त्यासाठी, १ ते ४ अशा स्तरांची चौकट घेतली. २००९पासून अमेरिकेतल्या महाविद्यालयांत वापरात असलेल्या 'व्हॅल्यू' रुब्रिक्समध्येही असेच चार स्तर आहेत. चौकट तयार मिळते, पण प्रत्येक चौकोनातला मजकूर आपल्या विषयातून आपणच लिहावा लागतो. आमचे निकष दोनच होते. पहिला : अनिश्चितता योग्य रीतीने काढली का? दुसरा : निष्कर्ष त्या अनिश्चिततेवर उभा आहे का?

त्यानंतर जे झालं ते या सगळ्या प्रक्रियेतलं मला सर्वांत मोलाचं वाटतं. खरं वाचन सुरू करण्याआधी सहाही जणांनी एकच अहवाल, एकमेकांशी न बोलता तपासायचा होता. निवडलेल्या अहवालात विद्यार्थ्याचं उत्तर होतं ९.४, अनिश्चितता ०.१, एकक मीटर प्रति सेकंद वर्ग. त्याने लिहिलं होतं : 'प्रमाण मूल्य ९.८ आहे. त्रुटी फक्त ४ टक्के आहे. त्यामुळे प्रयोग यशस्वी झाला. फरक मानवी चुकीमुळे आहे.'

दुसऱ्या निकषावर आमचे स्तर आले १, १, २, ३, ३ आणि ४. एकाच खोलीत बसलेले, तोच विषय वर्षानुवर्षं शिकवणारे सहा जण, आणि उत्तर एकापासून चारपर्यंत. ज्या मॅडमनी ४ दिला होता, त्यांनी शांतपणे कारण सांगितलं : आकडा जवळचा आहे, टक्केवारी काढली आहे, कारण दिलं आहे, आपण हेच तर मागतो. १ देणारे सर फळ्याजवळ गेले. फरक ०.४, अनिश्चितता ०.१. म्हणजे फरक अनिश्चिततेच्या चौपट. हे उत्तर जुळत नाही, आणि का जुळत नाही हा खरा प्रश्न आहे. मग त्यांनी अहवालातला तक्ता दाखवला. विद्यार्थ्याने दोरीची लांबी ४८ सेंटिमीटर मोजली होती, पण गोळ्याच्या केंद्रापर्यंत नाही. गोळ्याची त्रिज्या २ सेंटिमीटर. लांबी ५० धरली की उत्तर सरळ ९.८वर येतं. कारण त्याच्या वहीतच होतं, आणि 'मानवी चूक' असं लिहून तो ते शोधायचं थांबला होता.

आम्ही दोन तास बोललो. रुब्रिकमधले 'समाधानकारक', 'चांगला' असे शब्द काढून टाकले. त्याऐवजी स्तर ३साठी लिहिलं : 'फरकाची अनिश्चिततेशी तुलना करून जुळतं किंवा जुळत नाही असं स्पष्ट म्हटलं आहे.' स्तर ४साठी : 'आणि जुळत नसल्यास मोजमापातलं विशिष्ट कारण शोधून ते तपासलं आहे.' आणखी पाच अहवाल एकत्र वाचले. प्रत्येक वेळी अंतर कमी होत गेलं.

मग प्रत्येक अहवाल दोघांनी स्वतंत्र वाचला. दुसऱ्या निकषावर ४२पैकी ३० ठिकाणी स्तर तंतोतंत जुळले, म्हणजे ७१ टक्के. पण चारच स्तर असताना काही जुळणी नुसत्या योगायोगानेही होते. आमच्या आकड्यांवरून तो भाग साधारण ३३ टक्के निघाला. तो वगळून मतैक्य मोजण्याची रीत जेकब कोहेन यांनी १९६०मध्ये दिली, तिला कॅपा म्हणतात. ०.७१मधून ०.३३ वजा, भागिले ०.६७. आमचा कॅपा ०.५७ आला. प्रचलित मोजपट्टीवर तो मध्यम दर्जाचा ठरतो. जिथे स्तर जुळले नाहीत, तिथे तिसऱ्याने वाचलं.

निकाल पाहून कुणी लगेच बोललं नाही. पहिल्या निकषावर स्तर ३ किंवा त्याहून वर ३१ विद्यार्थी. दुसऱ्या निकषावर ९. मुलांना अनिश्चितता काढता येत होती. त्या अनिश्चिततेचं करायचं काय, हे बहुतेकांना माहीत नव्हतं.

कोणती निष्पत्ती कोणत्या विषयाशी जोडलेली आहे हे दाखवणाऱ्या मॅपिंगच्या तक्त्यात ही निष्पत्ती सात विषयांसमोर लिहिलेली होती. मी प्रत्येकाला एकच विचारलं : तुमच्या विषयात हे नक्की कोणत्या तासाला शिकवलं जातं? पुढच्या वर्षांतले सर म्हणाले, ते पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत होतं. पहिल्या वर्षाच्या मॅडम म्हणाल्या, आम्ही सूत्र देतो, वापर पुढे होतो. छापील जर्नलमध्ये सूत्र होतं, खाली रिकामी जागा होती, आणि शेवटी 'प्रमाण मूल्य' आधीच छापलेलं होतं. सात विषयांत नोंद, आणि प्रत्यक्षात कुणाच्याही तासाला नाही.

पण इतकंच कारण असतं तर मला एवढं लागलं नसतं. आम्ही आठ विद्यार्थ्यांशी बोललो. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, निष्कर्षात उत्तर जुळलं नाही असं लिहिलं तर गुण जातात." मी माझी जुनी गुणपत्रकं काढून बघितली. निकालाच्या ५ गुणांसाठी माझी रीत होती : प्रमाण मूल्याच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर पूर्ण, १० टक्क्यांच्या आत असेल तर ३, त्यापुढे १. कित्येक वर्षं मी अशीच तपासत आले होते. ९.४ लिहिणाऱ्या त्या मुलाला माझ्या रीतीने ५पैकी ५ मिळाले असते. गोळ्याची त्रिज्या शोधून काढणाऱ्याला त्यापेक्षा एकही गुण जास्त मिळाला नसता.

जॉन बिग्ज यांनी १९९६मध्ये मांडलेली 'रचनात्मक संरेखना'ची कल्पना मी त्याआधी भाषणांत ऐकली होती : निष्पत्ती, शिकवण्याची कृती आणि मूल्यमापन या तिन्हींनी एकाच दिशेला ओढलं पाहिजे. तिचा अर्थ मला त्या गुणपत्रकांपुढे बसल्यावर कळला. आमचं कागदावरचं वाक्य एका दिशेला ओढत होतं आणि गुण दुसऱ्या. मुलं गुणांच्या दिशेने गेली, आणि त्यांच्या जागी कुणीही तिकडेच गेलं असतं.

बदल मोठे नव्हते. प्रमाण मूल्याच्या जवळ येण्याचे गुण काढून टाकले आणि तेच ५ गुण तुलनेच्या वाक्याला दिले. जर्नलमधलं छापील मूल्य गेलं. 'त्रुटी' आणि 'अनिश्चितता' हे शब्द आम्ही सगळेच अदलाबदलीने वापरत होतो. मोजमापाच्या अनिश्चिततेवरची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका १९९३पासून या दोहोंत स्पष्ट फरक करते (त्रुटी म्हणजे खऱ्या मूल्यापासूनचा फरक, अनिश्चितता म्हणजे आपल्या उत्तराबद्दल शंका किती), तो आम्हीही पाळायचं ठरवलं. 'मानवी चूक' हे उत्तर स्वीकारायचं नाही, कोणती चूक आणि तिने आकडा कुठल्या दिशेला सरकेल, हे विचारायचं. पुढच्या वर्षी तीन प्रयोगांत ही तुलना सक्तीची केली.

पुढच्या तुकडीचे ३८ अहवाल आले, तेव्हा मला एक भीती होती. आपण बदल केले आहेत हे माहीत असलेले आपणच ते वाचणार, मग सुधारणा दिसणारच. म्हणून मागच्या वर्षीचे २० अहवाल तारीख काढून त्यांत मिसळले. हा उपाय पुरेसा नाही. दोन तुकड्या मुळात वेगळ्या असतात, आणि काही जुने अहवाल आम्ही ओळखलेही. तरीही एक गोष्ट कळली : जुन्या अहवालांपैकी काहींना आम्ही या वेळी आधीपेक्षा कमी स्तर दिला. म्हणजे मधल्या वर्षात आमचीही नजर कडक झाली होती. त्या कडक नजरेने नव्या ३८पैकी १७ जण दुसऱ्या निकषावर स्तर ३ किंवा वर होते. अर्ध्याला अजून कमीच.

एक्सेल फाइल अजून भरावी लागते. बाहेरून तपासायला येणाऱ्या समितीला ती हवी असते आणि त्यात गैर काही नाही. १९८९च्या वॉशिंग्टन करारापासून अभियांत्रिकीच्या पदव्यांना परस्पर मान्यता मिळू लागली. पदवीधर काय करू शकतो हे दुसऱ्या विद्यापीठालाही समजेल अशा रीतीने सांगण्याची गरज तिथे स्पष्ट दिसते, आणि आता ती सगळ्याच शाखांना आहे. या निष्पत्तीच्या ओळीसमोर आम्ही आता रुब्रिकवरचं प्रमाण लिहितो. ते २.४१पेक्षा बरंच कमी आहे. समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी ते का घसरलं असं विचारलं. मी ४२ अहवालांची पेटी त्यांच्यापुढे ठेवली, आणि ते तासभर वाचत बसले.

मला ज्याचा त्रास होतो ती गोष्ट वेगळी आहे. पहिल्या ४२ मुलांचा निकाल आम्हाला कळला तेव्हा ती पदवी घेऊन गेलेली होती. त्यांच्याकडून आम्ही शिकलो, आणि त्यांना काही देऊ शकलो नाही. सहाव्या सत्राच्या शेवटी मोजलं की असंच होणार. म्हणून यंदा तोच लंबक चौथ्या सत्रात ठेवला आहे. वाचनाला दोन आठवडे धरले आहेत. ज्यांचा स्तर २ किंवा त्याखाली येईल, त्यांच्याबरोबर प्रयोगशाळेत पुन्हा बसायला त्यानंतर दोन पूर्ण सत्रं हातात असतील.