तिनाचा आठ

या उद्यानात मी किती वर्षं फिरायला येते त्याचा हिशेब नाही. फाटकातून आत, तळ्याला वळसा, दाट झाडीतून पलीकडच्या फाटकापर्यंत आणि तसंच मागे. वाटेत कमरेएवढा एक दगड आहे. त्यावर काहीतरी कोरलंय एवढं मला माहीत होतं. त्याच्यावर पाय टेकवून बुटाची नाडी बांधायची, एवढीच आमची ओळख.

मग जिओकॅशिंगचा नाद लागला आणि त्या दगडासमोर उकिडवं बसायची पाळी आली.

नाद तसा साधा. कुणीतरी डबी लपवतं, तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं. बाकीच्यांनी फोन घेऊन ती हुडकायची, आतल्या वहीत नाव-तारीख घालायची आणि डबी होती तिथेच, होती तशी ठेवायची. थोडक्यात, मोठ्या माणसांचा लपंडाव; वहीतली सही म्हणजे धप्पा. या खेळाला चक्क जन्मतारीख आहे. जीपीएसच्या नागरी संदेशात अमेरिका पूर्वी मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे शंभरेक मीटरचा घोळ ठरलेला. २ मे २००० रोजी ही भेसळ थांबली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगनमध्ये बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत एक काळी बादली ठेवली आणि तिचा पत्ता इंटरनेटवर टाकला. बादलीत पुस्तकं, एक गलोल आणि बीन्सचा डबा! गलोलीसाठी मीही गेले असते. पण बीन्सच्या डब्यासाठी कुणी रान तुडवील, हा त्या माणसाचा विश्वास मला फार आवडतो. बादली अर्धवट पुरलेली होती. आज परवानगीशिवाय डबी जमिनीत पुरायला मनाई आहे, म्हणजे घराण्याचा मूळपुरुषच नापास.

आमच्या उद्यानातली डबी मात्र सरळ पत्ता सांगणारी नव्हती. चार ठिकाणचे आकडे जमवायचे, ते गणितात बसवायचे, मग डबीची जागा कळणार. विहिरीच्या कठड्यातले कोनाडे मोजले. पडक्या भिंतीतल्या कमानी मोजल्या. तिसरा आकडा माहितीफलकावरच्या चौथ्या ओळीतल्या शब्दांचा. हा फलक मी आयुष्यात वाचला नव्हता. फाटकाजवळ असतो तो फलक कोण वाचतं? आता शब्द मोजता मोजता अर्थही थोडा डोक्यात शिरला. उद्यान व्हायच्या आधी ही कुणाची तरी खासगी वनराई होती, आणि मी जिला इतकी वर्षं ‘तुटकी भिंत’ म्हणत आले ती तिची हद्द. नाडीचा दगडही त्याच हद्दीचा.

चौथा आकडा त्या दगडावरच्या सालातला शेवटचा. शेवाळ्यातून तो स्पष्ट दिसला: आठ.

गणित मांडलं आणि निघाले. झाडीत शिरल्यावर फोनचं काही खरं नसतं. वीस हजार किलोमीटरवरून येणारा क्षीण संदेश ओल्या पानांत विरतो, खोडांवर आपटून वाकड्या वाटेने येतो. आपण थांबलो की पडद्यावरचा बाण भोवऱ्यासारखा फिरायला लागतो. त्यामुळे बाण मला तळ्याकडे नेत होता तरी मी खापर झाडांवरच फोडलं. काठाला पोचले. बाण पुढेच. डबी तळ्याच्या मधोमध.

मी वाकून काठावरचे दगड उचलून बघत असताना कुत्र्याला फिरवणाऱ्या एक बाई थांबल्या. ‘काय हरवलं का हो ताई?’

‘नाही, डबी शोधतेय.’

‘कसली डबी?’

‘माहीत नाही.’

‘तुमचीच ना?’

‘नाही.’

बाईंनी कुत्र्याची दोरी जरा आखडती घेतली आणि ‘बरं’ म्हणून त्या निघून गेल्या. कुत्रा मात्र दोनदा वळून बघून गेला.

परत दगडापाशी आले. शेवाळं नखाने खरवडायचा मोह झाला, पण त्याबरोबर जुना दगडही सुटतो. मग बाटलीतलं थोडं पाणी शिंपडलं आणि फोनची बॅटरी लावून अगदी कडेला, दगडाला घासून धरली. समोरून टाकलेला उजेड खाचा भरून टाकतो. तिरपा टाकला की प्रत्येक खाचेला सावली सुटते. सगळं साल उठून उभं राहिलं. शेवटच्या आकड्याची उजवी बाजू छिन्नीची, खोल आणि रेखीव. डावी बाजू शेवाळ्याने आपल्या मनाने पुरी केलेली. आठ कसला, तीन होता तो!

गणितात हा आकडा अक्षांशाच्या मिनिटात दशांशानंतर दुसऱ्या जागी बसत होता. तिथे एकाचा फरक पडला तर जमिनीवर साडेअठरा मीटर. माझी चूक पाचाची, म्हणजे नव्वद मीटरच्या वर. तळ्याच्या मध्यापासून तेवढं दक्षिणेला मोजलं तर पडक्या भिंतीचं टोक येतं. तिथे एका जुन्या झाडाची मुळं भिंतीत घुसलीत. त्यांच्या बेचक्यात, वाळक्या सालीच्या तुकड्याआड, हिरवी चिकटपट्टी गुंडाळलेली डबी. कॅमेऱ्याच्या रोलची असायची तशी.

आत सुरळी केलेला कागद. शेवटच्या तीन नोंदी वाचल्या. एकीत होतं, ‘आधी तळं बघून आलो.’ दुसरीत, ‘बूट भिजले.’ तिसऱ्याने नुसतंच माशाचं चित्र काढलं होतं.

मी तारीख घातली, सही केली. तळ्याचा विषय काढला नाही.