तीन महिन्यात बाळ हातात म्हणणाऱ्या एजन्सीपासून लांब राहा

दत्तक घ्यायचं ठरलं त्याच रात्री मी मोबाईलवर एजन्सी शोधत बसले आणि ज्या वेबसाईटवर सगळ्यात गोंडस बाळांचे फोटो होते तिथे सकाळी उठल्या उठल्या फोन लावला. हसू नका, तेव्हा अक्कल तेवढीच होती. पलीकडची बाई इतकं गोड बोलली ना, "मॅडम तुम्ही फक्त रजिस्ट्रेशनचे पैसे भरा, तीन महिन्यात बाळ हातात, एक मुलगी आहे आमच्याकडे, सातवा चालू आहे, तिचं द्यायचं पक्कं आहे." मी तर हवेतच. नवरा म्हणाला, अगं बाळ अजून जन्मलंच नाहीये, तिचं पक्कं कसं झालं?

मग वाचायला घेतलं. देशाबाहेरच्या दत्तकासाठी १९९३ चा हेग करार आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की आईची संमती बाळ जन्मल्यानंतरच घ्यायची आणि ती पैसे देऊन मिळवलेली नसावी. संस्थेने खर्च आणि वाजवी फी घ्यावी, त्यावर कमाई नाही. देशातल्या देशात दत्तक घेताना हा करार लागत नाही, तिथे आपापला कायदा, पण समोरची संस्था जोखायला ही फूटपट्टी मस्त आहे. आमच्या गोड बाई पहिल्याच फोनमध्ये नापास.

लायसन्सचं काय ते पटकन सांगते. भिंतीवर फ्रेम केलेलं सर्टिफिकेट बघून भुलू नका, सरकारी यादीत नाव शोधा, मुदत संपली नाही ना ते बघा. फी कशाकशाची ते लेखी मागा, आणि "देणगी कॅश द्या" म्हटलं की चपला घाला आणि निघा.

दुसऱ्या संस्थेत मात्र माझं डोकंच फिरलं होतं. होम स्टडीला, म्हणजे आमचं घर मुलासाठी योग्य आहे का ते तपासायला आलेली सोशल वर्कर विचारते, तुमचं भांडण झालं की आधी कोण बोलतं? मूल शाळेत मागे पडलं तर? तुमच्या सासूबाईंना हे मनापासून पटलंय की नुसत्या गप्प बसल्यात? (गप्प बसल्या होत्या.) मला वाटलं आम्ही काय आरोपी आहोत का, आणि घरी येऊन तासभर चिडचिड केली. ती बाई आमच्यासाठी मूल शोधत नव्हती, मुलासाठी आईबाप शोधत होती, हे कळायला मला बराच वेळ लागला.

पुढे मुलीची फाईल हातात आली. जन्मवेळचं वजन, लसी, तपासण्या, सगळं व्यवस्थित, पण तीन रकान्यांत नुसतं "माहिती उपलब्ध नाही". आधी घाबरले. मग वाटलं, हेच बरं, ठोकून दिलेलं काही नाही. दक्षिण कोरियात २०२५ मध्ये सरकारी आयोगाच्या चौकशीत निघालं की परदेशी दत्तक दिलेल्या कित्येक मुलांचे कागद बनावट होते, आईबाप जिवंत असलेली मुलं अनाथ म्हणून नोंदवली होती. ती मुलं आता मोठी होऊन आपली खरी नावं शोधतायत. त्यापुढे रिकामा रकाना परवडला.

पण हे सगळं नंतरचं. फॉर्म भरण्याआधी मी या दुसऱ्या संस्थेच्या संचालिका बाईंना एकच विचारलं होतं, वीस वर्षांनी आमचं मूल इथे आलं तर त्याला काय मिळेल? त्या काही न बोलता उठल्या, कुरकुरणारं लोखंडी कपाट उघडलं, एक पिवळी पडलेली फाईल काढली आणि वरच्या नावावर तळहात ठेवून म्हणाल्या, "ही मागच्या आठवड्यात येऊन गेली. नोकरी करते आता. आईची सही बघायची होती तिला, बराच वेळ त्यावरून बोट फिरवत बसली होती."

फॉर्म आम्ही त्याच दिवशी भरला. तीन महिने नाही, पावणेतीन वर्षं लागली.